लेओनारच्या कापडाला लावलेला बोल

ओनोरे मूजेलचा अंगठा आमच्या मोंतरूपच्या खोऱ्यात नावाजलेला होता. डोळे मिटून कापडावरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, हे आपल्या गिरणीतलं, हे वरच्या गिरणीतलं, आणि हे ज्यानं विणलं त्याचं परवा बायकोशी चांगलंच वाजलंय. लोक हसायचे. चौकशी केली की खरं निघायचं, मग पुन्हा हसायचे. असा हा माणूस पुढे खासदार होऊन पॅरिसला गेला, आणि त्याच अंगठ्यानं त्यानं स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो काही गर्भश्रीमंत नव्हता. बाप घरच्या हातमागावर विणायचा, गोठ्यात दोन गायी, मागे बटाट्याचा तुकडा, बस्स. शेजारच्या घरात लेओनार तोमासँ, त्याच्याच वयाचा. विणलेलं कापड उन्हानं पांढरं व्हावं म्हणून नदीकाठच्या कुरणात पसरून ठेवतात. त्यावरून बदकं चालू नयेत म्हणून ही दोन पोरं राखणीला बसायची. बसायची कसली, मासे पकडत हुंदडायची. मग बदकांच्या पायांचे ठसे कापडावर, आणि बापाच्या हाताचे ठसे दोघांच्या गालांवर. त्या मारातूनच दोस्ती पक्की झाली.

मोठेपणी ओनोरे पाठीवर ठाणं बांधून जत्राजत्रांतून विकत हिंडला. जिभेवर साखर आणि अंगठ्यात ज्ञान, माल कसा राहील? नदीवरची बंद पडलेली पिठाची गिरणी त्यानं घेतली आणि तिथं यंत्रमाग बसवले. त्यातला पहिला माग लावला लेओनारनं. पहिल्याच हिवाळ्यात थंडीनं चामड्याचे पट्टे लाकडासारखे कडक व्हायचे, तर हा पठ्ठ्या ते स्वतःच्या कोटाखाली पोटाशी धरून ऊब द्यायचा आणि मग चढवायचा. "बायकोला एवढं जवळ घेत नाही, तेवढं तुझ्या पट्ट्यांना घेतो रे," म्हणायचा. गिरणी चालली. ओनोरेनं कागद गिरणीवाल्याची मुलगी ओदिल केली, टेकडीवर घर बांधलं, आणि गाव त्याला मालक म्हणायला लागलं. एकटा लेओनार तेवढा ओनोरेच म्हणायचा, भर गिरणीत, सगळ्यांसमोर. मूजेलला ते आवडायचंही. आपण अजून होतो तिथंच आहोत असं त्याला वाटायचं.

राजकारणात पडला तो एका पुलापायी. पूल वाहून गेला, सरकार दाद देईना, यानं पदरमोड करून बांधला. लोकांनी नगराध्यक्ष केलं. आणि माणसाला एकदा हारांची चटक लागली की एका गावाचे हार पुरत नाहीत. खासदारकीची निवडणूक आली तेव्हा मूजेल उभा राहिला. समोर एपिनालचा एक फाटका वकील. तो गिरण्यांच्या फाटकांबाहेर उभा राहून कामाचे तास कमी करा, म्हाताऱ्यांना पोटगी द्या, असं ओरडायचा. बोलायचा मात्र मुद्द्याचं.

आता त्या काळची मतदानाची रीत अशी होती. मतपत्रिका उमेदवारच छापायचा आणि वाटायचा. मतदारानं ती घडी घालून घरून आणायची आणि नगराध्यक्षाच्या हातात द्यायची. पेटीत टाकायची ती नगराध्यक्षानं. म्हणजे मूजेल उमेदवारही तोच आणि मत हातात घेणाराही तोच! कायद्यात बसत होतं, त्यामुळे कुणी बोलत नव्हतं.

मुकादम क्लोदोंला यात युक्ती दिसली. हा माणूस मालकाच्या भुवईवर जगायचा.

"मालक, तुमच्या सासऱ्यांच्या गिरणीतला तो जाड, कडक कागद आहे ना, त्यावर आपल्या चिठ्ठ्या छापू. वकिलाला परवडतो तो पातळ कागद. मग घडी कशीही घालू देत, तुमच्या अंगठ्याला कळल्याशिवाय राहतंय होय?"

"छे छे, असलं काही नको," मूजेल म्हणाला. पण हसला. आणि चिठ्ठ्या जाड कागदावरच छापल्या.

ओदिलनं त्या बघितल्या, बोटात धरून वाकवल्या. "अहो, हे लग्नाच्या पत्रिकेसारखं काय छापलंय? मत देणाऱ्याला मत देऊ द्या की निवांत."

"कागद घरचाच आहे, म्हणून," तो म्हणाला.

"बरं झालं, सांगितलंत. मला वाटलं अक्कल घरची आहे."

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत टेबलामागे मूजेल बसला. दाराशी क्लोदों. एकेक माणूस यायचा, टोपी काढायचा, घडी पुढे करायचा. मूजेल ती घ्यायचा, अंगठा नकळत दाबायचा. नकळत म्हणे! कडक. कडक. पुन्हा कडक. आपल्या गावानं आपल्याला पदरात घेतलंय या जाणिवेनं त्याला भरून येत होतं. अशात लेओनार आला. रविवारचा काळा कोट, दाढी केलेली. त्यानं घडी दिली, मूजेलनं घेतली, आणि अंगठा थबकला.

कागद मऊ होता. अगदी चिंधीसारखा मऊ.

मूजेलनं पुन्हा दाबून बघितला. मग मान वर करून लेओनारच्या तोंडाकडे बघितलं. लेओनार सरळ त्याच्याकडे बघत होता. खोलीत रांग उभी होती, सगळी थबकली. मूजेलनं चिठ्ठी पेटीत टाकली आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "पुढे." बाकी काही नाही. पण दाराशी उभ्या क्लोदोंला तेवढं पुरलं. भुवई वाचून जगणारा तो.

संध्याकाळी मोजणी झाली, उघड्यावर, सगळ्या गावासमोर. एकेक चिठ्ठी उघडून नाव पुकारलं जात होतं. मूजेल, मूजेल, मूजेल. शेवटची चिठ्ठी उघडली तरी मोंतरूपच्या पेटीत वकिलाला एकही मत नव्हतं. एकही! लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ढोल बडवला. मूजेल उघडलेल्या चिठ्ठ्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. म्हणजे लेओनारनं मत त्यालाच दिलं होतं. अंगठा खोटं बोलला होता, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे त्याच्याइतकंच कळलं होतं. पण सगळे हसत होते आणि लेओनारकडे कुणी बघत नव्हतं. तोही हसत राहिला. हात हलवला. त्या हसण्याची त्याला पुढे जन्मभर शिसारी आली.

बाकीच्या गावांनीही साथ दिली आणि मूजेल खासदार झाला. मोजणी काही का सांगेना, क्लोदोंच्या लेखी मालकाची त्या दिवशीची भुवईच खरी होती, आणि मालकानं ती मागे घेतली नव्हती. त्याच आठवड्यात क्लोदोंनं लेओनारचं ठाण तपासणीच्या खोलीत आडव्या दांडीवर टाकलं, उजेडाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बघा. धागे सुटलेत, पोत विरलाय. असलं भिकार कापड मूजेलच्या नावानं बाजारात जायचं का? उद्यापासून येऊ नकोस."

विणकर जमले. मूजेल तिथंच होता, पॅरिसला निघायच्या तयारीत, हातात हातमोजे. लेओनार त्याच्याकडे वळला.

"मालक," तो म्हणाला. पहिल्यांदाच मालक म्हणाला. "तुम्ही अंगठा फिरवा आणि सांगा."

नाही म्हणायची सोय नव्हती. मूजेलनं अंगठा फिरवला. कापड निर्दोष होतं. दाट, सारखं, जसं लेओनारचं नेहमी असायचं. दोन शब्द बोलायचे होते, कापड चांगलंय. पण ते बोललं की क्लोदोंनं असं का केलं हे सांगणं आलं, आणि ते सांगितलं की चिठ्ठ्या चाचपल्याचं सांगणं आलं. पडलेला वकील तेवढ्याच शब्दाची वाट बघत टपून बसला होता. निवडणूक रद्द करा म्हणून अर्ज घेऊन पॅरिसला जाणार होता. खासदारकी गेली असती.

"मुकादम म्हणतोय तर असेल तसं," मूजेल म्हणाला.

लेओनार मागाकडे वळला. धोटा, कात्री, टोपी उचलली आणि गेला. घर गिरणीचं होतं, तेही गेलं. खोऱ्यातले मालक एकमेकांच्या शब्दावर माणूस ठेवायचे किंवा टाकायचे, त्यामुळे दुसऱ्या गिरणीनंही दार उघडलं नाही. जंगलाच्या कडेला एका खोपट्यात तो राहायला गेला आणि लाकडी बूट कोरायला लागला.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर ओदिलनं बटाटे आणि डुकराचं मांस वाढलं. मूजेलनं ताट पुढे सरकवलं.

"जेवत नाही?"

"भूक नाही."

"भूक कशी असेल!" ती म्हणाली. "जनाची नाही तर मनाची तरी बाळगायची होती. तो माणूस पोटाशी पट्टे धरून बसायचा तुमच्यासाठी."

त्यानंतर ती त्याच्याशी व्यवस्थित वागली, पण तिनं कधी त्याला कापड पारखायला दिलं नाही. पडद्यासाठी, झग्यासाठी, कशालाच नाही.

पॅरिसला त्याचं बरं चाललं. कमिट्यांवर गेला, ढेरी सुटली, भाषणं करायला शिकला. पण गावी आला की जंगलाकडचा रस्ता टाळायचा. एकदा गिरणीतून जाताना एका मागावर धागा तुटला आणि कापडात भोक पडलं, तेव्हा विणणारी पोरगी शेजारणीला हसत म्हणाली, "घे! झाला लेओनार." दुसरी म्हणाली, "नीट विण गं बाई, नाहीतर बूट कोरायला जाशील." त्या पोरी लेओनारला ओळखतही नव्हत्या. खराब कापडाला आता त्याचं नाव पडलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक. मूजेल तिथून जवळजवळ पळतच बाहेर आला, भिंतीला टेकला. आत जाऊन तोंड उघडावं असं शंभरदा वाटलं. नाही उघडलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो पॅरिसची गाडी पकडून गेला.

मग संसदेत तो कायदा आला. मतपत्रिका सरकारी पाकिटात घालायची, पडद्याआड जाऊन घालायची, आणि मतदारानंच पेटीत टाकायची. गिरणीवाले खासदार खवळले. आमच्या माणसांना आम्ही काय कोंडून ठेवतो का, म्हणाले. एक जण तर म्हणाला, पडद्याआड माणूस जातो तो कपडे बदलायला, मत द्यायला नाही. सगळे हसले. मूजेल बोलायला उभा राहिला. तो विरोधात बोलणार अशी सगळ्यांची खात्री.

"एका डोंगरी गावात एक नगराध्यक्ष होता," त्यानं सुरुवात केली. आणि त्यानं सगळं सांगितलं. जाड कागद, अंगठा, मऊ चिठ्ठी, मोजणी. "पडदा पाहिजे, सभ्य गृहस्थहो. मतदाराला लपवायला नाही, तर आमच्यासारख्यांचे हात आवरायला." टाळ्यांचा कडकडाट झाला. विरोधकांनी येऊन हात हातात घेतला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सद्सद्विवेकाचा आवाज. कुणी विचारलं नाही की हे गाव कुठलं. मूजेल खोलीवर आला, कात्रण वाचलं, आणि त्याला रडू फुटलं. आता तरी तोंड दाखवायला जागा झाली असं वाटून तो गावी निघाला.

खोपट्यात लेओनार लाकूड तासत होता. पांढरा झाला होता, पण हात तसेच. त्यानं मान वर केली.

"या खासदार. मापाला आलात की मताला?"

"असं बोलू नकोस रे."

"बरं, नाही बोलत. बस." त्यानं भुसा झटकून ओंडका पुढे सरकवला, दोन पेल्यांत प्लमची दारू ओतली. "फादरनं वाचून दाखवलं तुझं भाषण. लोक उभे राहिले म्हणे टाळ्या वाजवायला."

"हो."

"कुठल्या गावचा रे तो नगराध्यक्ष? ओळखीचा वाटला."

मूजेलनं पेला खाली ठेवला. "लेओनार, तो मी होतो."

"अरे वा! मला सांगतोयस?" लेओनार हसला, पण डोळे हसत नव्हते. "ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी खोड. बदकं चालून गेली तरी तू बापाला म्हणायचास, कुणीतरी लक्ष दिलं नाही."

"मत तू मलाच दिलं होतंस."

"तुलाच. आणि देणार नव्हतो, हेही ऐक. तो वकील बोलत होता ते पटत होतं मला. तुझा कागद आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. काढायचो, उलगडायचो, तुझं नाव बघायचो, घडी घालायचो. त्याची सगळी खळ निघून गेली रे हाताळून हाताळून. शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपलाच आहे." त्यानं पटाशी उचलली. "हाताळलं की कापड मऊ पडतं हे जन्मल्यापासून तुला ठाऊक. नेमकं त्या दिवशी विसरलास."

मूजेलनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. आठवडाभर एक माणूस खिशात आपलं नाव घेऊन हिंडला, आणि आपण त्याला...

"मग बोलला का नाहीस? त्या दिवशी शाळेत? तुलाच मत दिलं म्हणाला असतास तर..."

"का म्हणून? मत माझं. कुणाला दिलं ते मी ओरडून सांगू? सगळी गिरणी उभी असताना? कुत्र्यासारखं शेपूट हलवू?" आवाज चढला. मग खाली आला. "आणि तू मला विचारलंसच कुठे? अंगठ्याला विचारलंस."

"माफ कर मला. काय करू सांग. घर देतो, पेन्शन..."

"घर नको. मत तर गेलं खड्ड्यात, ते मी केव्हाच सोडलं. पण ओनोरे, माझं कापड?" लेओनारनं आता पहिल्यांदा नीट त्याच्याकडे बघितलं. "त्या एवढ्या भाषणात माझ्या कापडाबद्दल एक शब्द नाही. सगळा जन्म मागावर काढला. आज धागा तुटला की पोरी माझं नाव घेऊन हसतात. मुकादम म्हणतोय तर असेल तसं, हे तुझे शब्द. ते तू मागे घेतलेस का? कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलं, दाखव."

कात्रण मूजेलच्या खिशात होतं. ते काढायची त्याला हिंमत झाली नाही. एवढा मोठा कबुलीजबाब, आणि त्यातून नेमकं तेवढंच गळलं होतं. स्वतःचा मोठेपणा मिरवून झाला होता, या माणसाचं नाव मात्र जिथं होतं तिथंच होतं.

"उद्या सकाळी गिरणीच्या फाटकाशी येशील?" त्यानं विचारलं.

"बघतो," लेओनार म्हणाला आणि तासायला लागला.

सकाळी धुक्यात फाटकासमोर मूजेल उभा राहिला. लाकडी बूट खडखडत विणकर आले, मालकाला बघून थांबले. रस्त्यापलीकडे, भिंतीला टेकून लेओनार, तोच काळा कोट. क्लोदों धावत आला. "मालक, काही हवंय का?"

"गप्प उभा राहा," मूजेल म्हणाला. मग आवाज चढवला, पण संसदेतला आवाज काही निघेना. "लेओनार तोमासँचं कापड खराब नव्हतं. मी अंगठा फिरवला होता, मला माहीत होतं. या खोऱ्यात त्याच्याइतकं चांगलं कुणी विणलेलं नाही. मी खोटं बोललो. खासदारकी जाईल म्हणून बोललो. चिठ्ठ्या चाचपणारा तो नगराध्यक्ष मी." पुढे बोलायचं होतं, पण सुचेना. "एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे बुटांकडे बघत होते. शेवटी झेली पुढे आली, लेओनारच्या शेजारच्या मागावर आयुष्य काढलेली म्हातारी.

"हे आम्हाला मोजणीच्या दिवसापासून ठाऊक आहे, मालक," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात म्हणून आम्हीही गप्प बसलो. त्याच्या समोरून जाताना रस्ता बदलला. आम्हाला काय कमी लाज आहे?" तिनं नाक पुसलं. "आता सरका. भोंगा झाला. उशीर झाला की तुमचाच क्लोदों पगार कापतो."

मूजेल बाजूला झाला. माणसं आत जायला लागली. काहींनी वाट वाकडी करून लेओनारसमोर टोपी काढली. काहींना तेवढंही जमलं नाही, मान खाली घालून गेली. ती हसणारी पोरगी त्याच्यासमोर थांबली, काहीतरी पुटपुटली आणि पळाली. फाटक बंद झालं. माग सुरू झाले. रस्त्यावर दोघंच उरले.

मूजेल टोपी हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला. आपण मोकळे झालो असं काही त्याला वाटत नव्हतं. लेओनार काय म्हणतो म्हणून तो थांबला.

"वरच्या गिरणीत कुणी ऐकलं नाही," लेओनार म्हणाला. "तिथंही पोरी तसंच म्हणतात. त्याच्या पुढच्या गिरणीतही."

मूजेलनं वर जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. त्या गिरण्या त्याच्या नव्हत्या. तिथले मालक त्याच्या पंक्तीला जेवणारे, त्याच्या शब्दावर लेओनारला दारातून परत पाठवणारे. तिथं फाटकाशी उभं राहायचं म्हणजे परक्याच्या दारात जाऊन स्वतःचं हसं करून घ्यायचं. घोडागाडी पुलाशी उभी होती. त्यानं गाडीवानाला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि चढाला लागला. मागून लेओनारचे बूट वाजत होते. तो बरोबर चालत नव्हता, चार पावलं मागे राहून येत होता, मालक मध्येच माघारी वळतोय का बघत.